जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड आणि उद्यमबागेतले पाटी नसलेले वर्कशॉप

बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्री आणि मशीन शॉपच्या गर्दीत, जुन्या मोटारींचे मीटर व स्विच दुरुस्त करणारे एक लहानसे वर्कशॉप आहे. त्याला पाटी नाही. आमच्या घरच्या 1958 च्या मॉरिस मायनर 1000 चा डॅशबोर्ड मूळ रूपात आणण्याचे काम तेथे करून घेतले, त्याविषयीचा हा अभिप्राय. मीटर दुरुस्त करणारे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही मिळतील. परंतु हाती आलेला भाग याच गाडीचा आहे की नुसताच जुना आहे, हे पुराव्यानिशी सांगणारे फार थोडे.

मायनरच्या डॅशबोर्डवर मधोमध स्पीडोमीटरची एकच मोठी तबकडी असते आणि पेट्रोलचा काटाही तिच्यातच असतो. ही रचना 1954 मध्ये आली. आमच्या गाडीतील तबकडी स्मिथ्स कंपनीचीच होती आणि आकडेही मैलांत होते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला शंका येण्याचे कारण नव्हते. वर्कशॉपच्या मालकांनी मात्र भिंग घेऊन तबकडीवरचा बारीक क्रमांक आधी वाचला. अशा क्रमांकाच्या शेवटचा आकडा म्हणजे एका मैलामागे मीटरच्या केबलचे किती फेरे व्हावेत याचे माप. मग केबल मीटरपासून सोडवून तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावला, मागच्या चाकाचे सहा फेरे होईपर्यंत गाडी सरळ ढकलली आणि तेवढ्यात बाण किती वेळा फिरला ते मोजले. या संख्येला 1680 ने गुणून, जमिनीपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतच्या इंचांतील उंचीने भागले, की गाडीला हवे असलेले फेरे निघतात. दोन्ही आकडे जुळले नाहीत. आमच्यासारख्या 948 सीसीच्या मायनरच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) 4.55 आहे, तर 1962 मध्ये आलेल्या 1098 सीसीच्या गाडीचे 4.22; त्यामुळे आधी कोणीतरी या नंतरच्या गाडीचा मीटर आमच्या गाडीत बसवला असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. "मीटर खोटा नाही हो, पण तुमच्या गाडीचा नाही," एवढेच ते म्हणाले.

पेट्रोलच्या काट्याची पारख त्याहून सोपी निघाली. जुन्या चुंबकी बनावटीचा काटा चावी फिरवताच झटकन जागेवर जातो. पुढच्या काळातील दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा काटा सावकाश चढतो आणि त्याला व्होल्टेज स्थिर ठेवणारा दहा व्होल्टचा वेगळा स्टॅबिलायझर लागतो. आमचा सावकाश चढत होता.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या स्विचवर अनेकदा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. गाडीच्या तारखेच्या थोडे आधीचे वर्ष असेल तर ठीक. चार वर्षांनंतरचे असेल तर स्विच बदललेला आहे, मग तो कितीही अस्सल लुकास असो. स्क्रूच्या आट्यांकडेही ते लक्ष देतात, कारण त्या काळच्या ब्रिटिश उपकरणांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असत आणि मेट्रिक स्क्रू दिसला की तेथे कोणाचा तरी हात लागलेला असतो. बटणे बेकेलाइट या जुन्या कडक प्लॅस्टिकची की साध्या प्लॅस्टिकची, हे अंगठ्याने घासून येणाऱ्या कार्बोलिकसारख्या वासावरून त्यांनी सांगितले. तापलेली सुई टोचून पाहण्याचा प्रकार मात्र त्यांना मुळीच मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. खात्री करून घेण्यासाठी चांगल्या बटणाला भोक पाडण्यात शहाणपण कसले?

उणिवाही आहेत. तबकडी पुन्हा रंगवण्याचे त्यांचे काम सामान्य आहे. आकडे जाड येतात आणि पांढरा रंग डोळ्यांत भरतो, म्हणून फिकट झालेली मूळ तबकडी नुसती स्वच्छ करून घेणेच मला अधिक पसंत आहे. तपासणीचे निष्कर्ष ते लिहून देत नाहीत. महागडा भाग विकत घेण्यापूर्वी सल्ला घेणाऱ्याने स्वतः वही न्यावी. दिलेली तारीखही क्वचितच पाळली जाते.

पावसाळ्यात ते मीटर उघडत नाहीत, कारण बेळगावच्या त्या दमट हवेत काच बसवली की आत बाष्प धरते. त्यामुळे काम दिवाळीनंतर न्यावे आणि मीटरसोबत केबलही न्यावी.