ग्लुटेन बंद, प्रोबायोटिक सुरू: इंदूरमध्ये काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकू. पोट डब्ब होणं कमी झालं, सकाळी पोट साफ व्हायला लागलं, फायदा एवढाच. ग्लुटेन (गहू-जवातलं प्रथिन) पचवायचं काम प्रोबायोटिक (पोटासाठी घ्यायचे जिवंत सूक्ष्मजीव) करत नाही. ‘कॅप्सूल चालू आहे, मग छप्पन दुकान खाऊगल्लीत अर्धी कचोरी चालेल’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी हे पैसे वाचवावेत. ‘ग्लुटेन पचवणारी एन्झाइम’ म्हणून विकतात त्या गोळ्यांचंही तेच. सीलिएक (ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं तो आजार) असेल तर त्यांच्या भरवशावर गव्हाला हात लावू नये.

डबी घेण्याआधी तपासणी करून घ्या. ‘गहू सोसत नाही’ म्हणताना तीन वेगळ्या भानगडी एकत्र येतात: सीलिएक आजार, गव्हाची ॲलर्जी आणि सीलिएक नसतानाही होणारा त्रास. सीलिएक ओळखण्यासाठीची टीटीजी-आयजीए आणि त्यासोबत एकूण आयजीए ही अँटिबॉडींची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. पोळी सोडून काही महिने झाले की रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग पुन्हा गहू खाऊन तपासायची वेळ येते. बरेच जण आधी पोळी सोडतात, मग डॉक्टर गाठतात.

कोणतं पाकीट घ्यायचं तेही यावरच ठरतं. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि वात धरतो. २०१८ साली ऑस्लोमध्ये झालेल्या अभ्यासात, सीलिएक नसलेल्या पण ग्लुटेन सोसत नाही म्हणणाऱ्या ५९ जणांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टनने जास्त त्रास झाला. आता बाजारातलं ‘प्री-प्रोबायोटिक’ पाकीट उलटं करून बघा: जिवाणूंच्या नावांखाली एफओएस, म्हणजे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, नाहीतर इन्युलिन लिहिलेलं असतं. दोन्ही त्याच कुटुंबातली. कॅप्सूलमध्ये ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर बहुतेकांना कळतही नाही. पण ग्रॅमच्या हिशेबात एफओएस घातलेली पावडर कांदा-लसणानेही पोट फुगणाऱ्या माणसाने घेतली तर संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं होतं आणि दोष प्रोबायोटिकवर जातो. अशांनी फक्त जिवाणू असलेली, एफओएस-इन्युलिन नसलेली कॅप्सूल निवडावी.

दुसरी फसगत लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची. सीलिएकमध्ये लहान आतड्याच्या आतले केसासारखे उंचवटे झिजतात. दूध पचवणारं लॅक्टेज त्यांच्याच टोकाशी तयार होतं, त्यामुळे गहू सोडल्यावरही काही महिने दूध पचत नाही. पावडरीत भरणी म्हणून लॅक्टोज असेल तर ती सुरुवातीच्या काळात टाळलेली बरी. याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी शिरोटा जिवाणू असतात हे खरं, पण ती दुधाच्या पावडरीची आणि बऱ्यापैकी गोड असते. उंचवटे भरून येईपर्यंत घरचं नीट लागलेलं दही किंवा पातळ मठ्ठा त्यापेक्षा सोसतो, कारण विरजणात लॅक्टोज थोडं खर्ची पडतं. मात्र घरच्या विरजणात कोणता जिवाणू किती आहे हे कोणी मोजलेलं नसतं, म्हणून त्याला कॅप्सूलचा पर्याय समजू नये.

आता ज्याची सगळ्यात जास्त धास्ती असते ते: कॅप्सूलमध्येच ग्लुटेन असलं तर? भीती निराधार नाही. २०१५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ प्रोबायोटिक तपासली, त्यातल्या १२ मध्ये ग्लुटेन सापडलं. बहुतेकांत ते २० पीपीएमच्या मर्यादेखाली होतं. आपल्याकडेही ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला एका किलोत २० मिलिग्रॅम हीच मर्यादा आहे. पण गणित करून बघा. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल अगदी २० पीपीएमवर असली तरी पोटात जातं ०.०१ मिलिग्रॅम. याउलट चक्कीवर गव्हानंतर लगेच ज्वारी दळली आणि किलोभर पिठात जेमतेम १० ग्रॅम कणीक मिसळली, तर त्यात साधारण १ ग्रॅम ग्लुटेन आलं. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ६० मिलिग्रॅम. सीलिएकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा दिसल्याचं इटलीतल्या अभ्यासात २००७ मध्ये नोंदवलं गेलं. म्हणजे लेबलची तपासणी करायचीच, पण डोकं खपवायचं ते चक्कीवर.

इंदूरमध्ये ही अडचण जास्त, कारण माळव्याची चक्की म्हणजे दिवसभर गहू. ‘पहिला किलो फेकून द्या, मग तुमचं दळतो’ हे चक्कीवाल्याचं आश्वासन पुरेसं नाही. पीठ जात्याच्या खाचांत, नळीत आणि कापडी पिशवीत अडकून बसतं. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, किंवा चाचणी केलेलं सीलबंद पीठ आणा. ज्वारी निवडताना गव्हाचे दाणे हमखास सापडतात. ते काढून, धुऊन, वाळवूनच दळायची. लाकडी पोलपाट-लाटणं वेगळं ठेवा. चिरांतली कणीक घासून निघत नाही.

सकाळचे पोहे तसे निर्धोक, वरची सजावट तपासायची. वर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात हिंग असतो आणि डबीतला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैद्यात नाहीतर गव्हाच्या पिठात मळलेला असतो. सियागंजातल्या मसाल्याच्या बाजारातून हिंग आणताना डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. शेव बेसनाची, बेसनात ग्लुटेन नसतं, पण हरभरा स्वतःच वातूळ, त्यामुळे मूठभर शेवेनंतर पोट फुगलं तर कॅप्सूल ‘लागू पडत नाही’ असं समजू नका. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस आणि साबुदाण्याची खिचडी त्यातल्या त्यात बरी, तीही हिंगाची चौकशी करून. गराडू (तळलेला कंद) मात्र कचोरीच्या कढईत तळला नसेल तरच.

लेबलवर काय बघायचं? वंश, प्रजाती आणि त्यापुढचा स्ट्रेनचा (उपप्रकाराचा) क्रमांक, एक्सपायरीपर्यंत टिकणारी जिवाणूंची संख्या आणि साठवणीचं तापमान. आयसीएमआर-डीबीटीच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग) २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच मागितलं आहे. संख्या फक्त ‘उत्पादनाच्या वेळी’ एवढीच दिली असेल तर ती डबी खाली ठेवा. ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस’ असं दिसलं तर तो खरं म्हणजे बॅसिलस कोॲग्युलन्स, बीजाणू करणारा जिवाणू. नावात माल्ट असलं तरी माल्टोडेक्स्ट्रिनला घाबरू नका. माल्ट किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट मात्र जवाचं, ते नको. नुसतं ‘स्टार्च’ लिहिलं असेल तर कशाचं, ते कंपनीला लिहून विचारा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर भरणीचे घटक बहुधा नसतातच, पूरक आहार म्हणून विकलेल्यावर असतात.

वापरात तीन प्रकार आले. बॅसिलस क्लॉसाईच्या ५ मिलिलिटरच्या कुप्यांना (प्रत्येकी २०० कोटी बीजाणू) उन्हाचं काही वाटत नाही, प्रवासाला त्या सोयीच्या; फुगण्यावर फारसा फरक दिसला नाही. सॅकरोमायसेस बूलार्डी हे यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिकने मरत नाही. त्या काळातल्या पातळ जुलाबांसाठी तेच उपयोगी पडलं. फ्लुकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर मात्र ते घेण्यात अर्थ नाही. पोट डब्ब होण्यावर जो फरक जाणवला तो लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या (लॅक्टो-बिफिडो) मिश्रणाने, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, आणि तेही स्वयंपाकघरातून ग्लुटेन गेल्यावर. त्याआधी घेतलेली कॅप्सूल फुकट गेली असंच म्हणू.

लॅक्टो-बिफिडो जेवणाबरोबर किंवा अर्धा तास आधी घ्यायचं. कॅप्सूल फोडून वाफाळत्या वरणात किंवा चहात घालू नका, जिवाणू तिथेच संपतात. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे डिलिव्हरीच्या पेटीत दुपारभर फिरलेली डबी आणि दवा बाजारात फ्रिजमधून काढून दिलेली डबी एकसारखी नसते. ‘२५ अंशांखाली ठेवा’ लिहिलेली असेल तर उन्हाळ्यात सकाळी जाऊन आणावी. पावसाळ्यात दमट हवा उष्णतेइतकीच वाईट. मोठी बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडली की आत दव धरतं; तिच्यापेक्षा प्रत्येक कॅप्सूल वेगळी बंद असलेली पट्टी बरी.

एका वेळी एकच प्रकार, चार आठवडे, आणि वहीत रोज तीन गोष्टी: पोट किती फुगलं, शौच कसं झालं, बाहेरचं काय खाल्लं. पहिले तीन-चार दिवस गुडगुड वाढली तर थांबायची गरज नाही. आठवडाभर वाढतच राहिली तर एफओएस आणि लॅक्टोजकडे बघा. चार आठवड्यांत वहीत फरक नसेल तर बंद. फरक असेल तरी दोन आठवडे सोडून बघा. त्रास परतला नाही तर दर महिन्याचा खर्च कशाला? सीलिएकमध्ये प्रोबायोटिक द्यावं की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही म्हटलं आहे. तेव्हा दुकानदार ‘आयुष्यभर घ्या’ म्हणाला तर हसून सोडून द्यावं.

केमो चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (औषधाची नळी) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये. बूलार्डीचं यीस्ट अशांच्या रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या खोलीत पाकीटही फोडू नका, पावडर हवेतून आणि हातावरून लाइनपर्यंत पोहोचते.