बीएक्स बोर्डवरचा पेन्टियम थ्री: काही महिने वापरल्यावर

जुना पीसी जोडायला घेतला की सगळे आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागतात. काही महिने रोज वापरून माझं मत असं झालंय की खर्च करायचाच तर डिस्क आणि साउंडवर करा.

माझं मशीन असं: इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग जोडणाऱ्या चिपा; हा १९९८ चा), स्लॉट वनमधला (प्रोसेसर उभा बसवायची खाच) ५०० मेगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री, २५६ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. बरेचसे सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले. रॅम घेताना चिपा मोजा. २५६ एमबीची स्टिक दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपांची हवी. आठच असतील तर हा बोर्ड बहुधा अर्धीच ओळखतो. आणि ५१२ एमबीच्या वर जाऊ नका. रॅम जास्त झाली की ९८ ची डिस्क कॅश फुगते आणि उलट ‘मेमरी अपुरी’ असा मेसेज येतो.

सगळ्यात फायद्याचा बदल म्हणजे घरघरणारी हार्ड डिस्क काढून आयडीई (जुन्या हार्ड डिस्क जोडायची पद्धत) अडॅप्टरवर लावलेलं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टर स्वस्त असतो, ड्रायव्हरची कटकट नाही. मशीन बंद करून कार्ड काढायचं, लॅपटॉपच्या रीडरमध्ये घालायचं, फायली टाकायच्या. ९८ ला पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागतो, तो त्रासही वाचला. फक्त स्वस्तातलं कार्ड लिहिताना अडखळतं, आणि स्वॅप (रॅम कमी पडल्यावर डिस्कचा वापर) सुरू झाला की ते चांगलंच जाणवतं.

डॉस गेमसाठी आयएसए (पीसीआयच्या आधीचा जुना स्लॉट) साउंड कार्डच घ्या. गेमच्या सेटिंगमध्ये पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ दिलं की जवळपास सगळं वाजतं. पीसीआय कार्डाला डॉसमध्ये साउंड ब्लास्टरचं (डॉस गेम ज्याला ओळखतात ते कार्ड) सोंग आणावं लागतं, ते दर वेळी जमत नाही. बीएक्स बोर्डावर एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) आणि आयएसए दोन्ही मिळतात, म्हणून तर हा बोर्ड.

ग्राफिक्सला जीफोर्स टू एमएक्स. पुरतं. त्या काळच्या व्हूडू थ्रीडी कार्डांचे आजचे भाव मला तरी परवडत नाहीत.

वेगाचा उलटा त्रास मात्र होतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही जुने प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतात, कारण सुरुवातीचं वेळेचं गणित इतक्या वेगवान प्रोसेसरवर कोलमडतं. बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरची कॅश बंद केली की मशीन पार रखडतं आणि ते प्रोग्राम चालू लागतात. म्हणून स्लॉट अडॅप्टर लावून गिगाहर्ट्झच्या आसपासचा कॉपरमाइन (नंतरचा, वेगवान पेन्टियम थ्री) बसवायचा विचार मी सोडून दिला. उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेणार आहे. पाच व्होल्टच्या लाइनवर किती अँपियर मिळतात ते लेबलवर बघूनच.