भाच्याच्या बीएमएक्ससाठी चेन निवडताना

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींच्या इंजिनांची कामं करतो, बावीस वर्षं झाली. सायकल हा काही माझा धंदा नव्हे. पण मार्चमध्ये बहिणीचा मुलगा एका हातात तुटलेली चेन आणि दुसऱ्या हाताने फुटलेला गुडघा दाबत घरी आला, तेव्हापासून या विषयात डोकं घातलं. आता त्याच्या बीएमएक्सला, म्हणजे उड्या-कसरतींच्या छोट्या सायकलला, केएमसी कंपनीची के-७१० चेन लावून तीन महिने होत आले, त्यातला शेवटचा महिना पावसाचा. म्हणून लिहितो, कारण समुद्राकाठी राहणाऱ्या पोरांच्या आईबापांना याचा उपयोग होईल.

मांडवीच्या जेटीजवळ संध्याकाळी ही मुलं जमतात. पायऱ्यांवर सायकल उडवायची म्हणून भाचा उभा राहून जोरात पायडल मारत होता आणि नेमक्या त्या क्षणी चेन सुटली. पायाखालचा आधारच गेला. गुडघा हँडलवर आदळला, पाच टाके पडले. डॉक्टरांनी वाटी शाबूत असल्याचं सांगितलं तेव्हा बहिणीने हॉस्पिटलच्या बाकावरच डोळे टिपले. "मामा, चेन नवीनच होती," एवढं एकच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

नवीन होती हे खरंच. तीन आठवड्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून 'हेवी ड्यूटी' म्हणून घेतलेली, काळी, हाताला जड. मी ती रॉकेलमध्ये धुतली आणि भिंगाखाली धरली. कडी कुठेच तुटली नव्हती. लांबी कमी करताना दुकानदाराने एक पिन ढकलून काढली होती आणि तीच पुन्हा ठोकून बसवली होती. पिनेच्या टोकाला कारखान्यात दाबून टोपी केलेली असते. ती टोपी कडीच्या बाजूच्या पट्टीच्या भोकातून ओढली की भोक मोठं होतं, टोपी घासून निघते. मग परत बसवलेली पिन दिसते घट्ट, पण पट्टीला धरून ठेवायला काही उरत नाही. एका बाजूची पट्टी तिथूनच सरकली होती. चेन कितीही जाड घ्या, जोड असा केला तर तिची ताकद त्या एका पिनेएवढीच.

जोर किती पडतो याचा हिशोब मी करून पाहिला. भाच्याचं वजन ६० किलो, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७५ मिलिमीटरचा, पायडलजवळचं दातेरी चाक २५ दात्यांचं. अर्धा इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनीला २५ दात्यांच्या चाकाची त्रिज्या सुमारे ५० मिलिमीटर येते. म्हणजे तो एका पायडलवर सगळं वजन टाकून नुसता उभा राहिला तरी चेनीवर सुमारे २१० किलोचा ताण. जुन्या पद्धतीच्या ४४ दात्यांच्या चाकावर हाच ताण ११८ किलोच्या आसपास राहतो. हल्लीच्या बीएमएक्सला पुढे २५ आणि मागे ९ दाते देतात, गिअर ४४-१६ इतकाच पडतो, वजन वाचतं, दगडाला दातेरी चाक लागत नाही. पण सगळा भार चेनीवर येतो. त्यात पोरगा हँडल ओढून झटका मारतो, तो वेगळा. साध्या सायकलची चेन इथे का चालत नाही हे मला त्या कागदावरच्या हिशोबाने पटलं.

मग शोध सुरू झाला. एका दुकानात मला ४१५ नंबरची, मोपेडला लावतात तसली चेन दाखवली. जाडजूड, बघताक्षणी मोह पडावा अशी. पिच तोच, अर्धा इंच, म्हणून दात्यांवर बसते. पण तिची आतली रुंदी ३/१६ इंच, आणि बीएमएक्सचे दाते १/८ इंची चेनीसाठी केलेले. चेन दात्यावर डावी-उजवी डुलत राहते, आवाज करते. उलट बाजूने, गिअरच्या सायकलींची ३/३२ इंची चेन या दात्यांवर बसतच नाही. तेव्हा आधी मापाची खात्री करा: १/२ × १/८. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नसेल तर जुनी चेन सोबत घेऊन जा.

दुसरा मोह हाफ-लिंक चेनीचा. भाच्याला तीच हवी होती, कारण त्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे ती आहे. तिची प्रत्येक कडी एका टोकाला अरुंद, दुसऱ्याला रुंद, मधे वाकवलेली. फायदा असा की एकेक कडी कमी करता येते आणि मागचं चाक हवं तिथे बसतं. पण वाकवलेली पट्टी ताणाखाली थोडी थोडी सरळ होत जाते, म्हणून अशी चेन सरळ पट्टीच्या चेनीपेक्षा लवकर सैल पडते. चाक नेमकं बसवण्यासाठी अख्खी चेन तशी असायची गरज नाही. साध्या चेनीत अशी एकच वाकवलेली कडी घातली की काम होतं. हे मी त्याला वहीत आकृती काढून दाखवलं, तेव्हा कुठे त्याने हट्ट सोडला.

के-७१० सरळ पट्टीची आहे. पट्ट्या साध्या चेनीपेक्षा डोळ्यांना दिसण्याइतक्या जाड. मी पहिल्यांदा पिनांची टोकं पाहिली, दोन्ही बाजूंना सारखी दाबलेली. साध्या सायकलच्या चेनीच्या पाच-सहापट पैसे पडले आणि ते मला जड वाटले नाहीत. वजन अर्थातच जास्त आहे. ज्यांना सायकल हलकी हवी त्यांना हे चालणार नाही, आम्हाला गुडघे हवे होते. रंगीत न घेता चंदेरी घेतली, कारण काळ्या रंगाखालचा गंज उशिरा दिसतो.

जोड मी स्वतः केला. जोडकडी नवी वापरली, काढलेली पिन टूलबॉक्समध्ये टाकली. क्लिपची जोडकडी असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवायचं. कठड्यावर दातेरी चाक घासणाऱ्या मुलांनी मात्र क्लिप नकोच, ती उडते. त्यांनी दाबून बसणारी जोडपिन घ्यावी. ताण तपासताना पायडल पूर्ण फिरवायचं. दातेरी चाक कधीच अगदी गोल नसतं, एका जागी चेन घट्ट होते, त्या जागी मधोमध बोटाने दाबून सेंटिमीटरभर हलली पाहिजे. मागचे नऊ दाते झिजून माशाच्या काट्यासारखे टोकदार झाले असतील तर तेही बदला, नाहीतर ते नव्या चेनीला खातील.

आता खाऱ्या वाऱ्याबद्दल, कारण आमच्याकडे खरी परीक्षा तिथे आहे. १८८० साली हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये बुश (पिनेभोवतीची नळी) आणि रोलरची चेन काढली, आजही चेनीची घडण मुळात तीच. झीज होते ती आत, पिन आणि बुशच्या मधे, जिथे आपला हात पोचत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, सायकल ओसरीवर कोरडी उभी असली तरी. आत गंज धरला की त्याची लाल पूड आणि जांभ्याची धूळ मिळून पॉलिशपेपरसारखं काम करते. पट्टीवरचा गंज पुसता येतो, हा नाही.

म्हणून नेम ठेवला आहे. जेटीवरून आल्यावर चेनीवर गोड्या पाण्याचा तांब्या ओतायचा, फडक्याने कोरडी करायची आणि प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब. दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून काढायचं. माझ्याकडे बोटीचं ग्रीस डबाभर पडलेलं असतं, तरी ते लावत नाही: ते आत जात नाही आणि वाळू धरून ठेवतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइलही नको, त्यात लोखंडाची बारीक पूड असते. एकदा मी कामासाठी आठवडाभर जयगडला होतो, भाच्याची परीक्षा होती, सायकल तशीच राहिली, तर जोडकडीच्या कडेला तांबूस रेघ आली. ती आमची चूक. तेल-फडक्याने गेली.

चेन किती ताणली हे मोजपट्टीने कळतं. नव्या चेनीच्या २४ पिचची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ३०७ च्या पुढे गेली की मी ती काढणार आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या आणि कामाचा रेटा वाढला, तरी दर रविवारी मोजतो. परवा ३०५ आणि थोडी वर भरली. मागचं चाक तीन महिन्यांत एकदाच किंचित मागे ओढावं लागलं.

भाचा पुन्हा त्याच पायऱ्यांवर जातो. पहिल्या दिवशी मी खाली उभा होतो. त्याने उडी घ्यायच्या आधी चेनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पायडलवर उभा राहिला. कापून उरलेला चेनीचा तुकडा तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवला आहे, शेजारी दोन नव्या जोडकड्या.