हसवणारी विज्ञानकथा: ॲडम्स घ्यावा की लेम?

चतुर्थीला गावी आलेल्या मावसभावानं विचारलं, "दादा, विनोदी सायन्स फिक्शन वाचायची आहे. एकच पुस्तक सांग." एकच म्हटल्यावर माझ्यापुढे दोन नावं उभी राहतात: डग्लस ॲडम्सचं 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' (१९७९) आणि स्टानिस्वाफ लेमचं 'द सायबेरियाड' (मूळ पोलिश १९६५, मायकेल कँडेलचं इंग्रजी भाषांतर १९७४). दोन्ही माझ्या कपाटात आहेत, दोन्ही मी एकाहून जास्त वेळा वाचलीत. एक मनापासून आवडणाऱ्याला दुसरं बहुधा फिकं वाटतं, असं मी पाहिलंय.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हेची बोलणारी माणसं आहेत. रत्नागिरीकडचा एखादा म्हातारा दिवसभरात चारच वाक्यं बोलेल, पण त्यातलं एखादं आठवडाभर गावात फिरतं. इकडे कुडाळ-मालवणात गजाल चालते, म्हणजे गप्पांची बैठक. ती रंगली की चहा निवतो, पण पुढे काय झालं ते कळल्याशिवाय कोणी उठत नाही. ॲडम्स पहिल्या जातीचा, लेम दुसऱ्या.

ॲडम्सचं माझ्यावर ऋण आहे, ते आधी सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग ६६ च्या चौपदरीकरणात आमच्या खळ्याचा, म्हणजे अंगणाचा, पुढचा तुकडा गेला. फणसावर लाल पट्टा मारलेला दिसला तेव्हा आम्हाला कळलं. हरकतीची मुदत त्याआधीच संपली होती. त्या पावसाळ्यात मी हिचहायकर्स पुन्हा काढलं. नायक आर्थर डेंटचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर दारात आलेला असतो आणि तो चिखलात त्याच्यापुढे आडवा पडतो. आराखडा म्हणे रीतसर लावलेला होता. कुठे? कचेरीच्या तळघरात, वापरात नसलेल्या संडासातल्या कुलूपबंद कपाटात. थोड्याच वेळात पृथ्वीच अवकाशातल्या बायपासच्या आड येते म्हणून पाडली जाते. तिचा आराखडा पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीवर लावलेला असतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं निघालात तरी तिथे पोचायला चार वर्षांहून जास्त लागणार. कॉलेजात वाचलं तेव्हा ही नुसती भन्नाट कल्पना वाटली होती. फणस पडल्यावर वाचलं तेव्हा हसता हसता आवंढा आला. सूचना देणारा आणि घर जाणारा यांच्यातलं अंतर इतकं नेमकं कुणी मोजलेलं मला ठाऊक नाही.

मग अडलं कुठे? एका संध्याकाळी पडवीत वाचत बसलो होतो. समोर आते वाल सोलत होती. मी फसकन हसलो.

"कित्याक हसतंस रे एकटोच? माका पण सांग."

पृथ्वी पाडायला आलेली परग्रहावरची अवजड यानं आभाळात टांगून राहिली होती, विटा जशा राहत नाहीत अगदी तशी, असं एक वाक्य होतं. मी ते मराठीत सांगितलं. आतेचे हात थांबले. ती वाट बघत होती, पुढे काहीतरी होईल म्हणून. पुढे काही नव्हतंच. "बरां," म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. मी आणखी तीन-चार ठिकाणं सांगून पाहिली. त्यातलं एकच लागलं: जीवन, विश्व आणि सगळ्याचंच उत्तर शोधायला यंत्र ७५ लाख वर्षं विचार करतं आणि सांगतं, ४२. आते लगेच म्हणाली, "मगे प्रश्न खंयचो होतो?" पुस्तकही तिथेच येऊन अडतं, तेव्हा आतेला मी सलाम केला. पण बाकीचं माझ्या ओंजळीतून पाण्यासारखं गळून गेलं.

हा पुस्तकाचा दोष म्हणणं कदाचित बरोबर नाही. ही गोष्ट तर मुळात कानांसाठीच लिहिलेली. १९७८ साली बीबीसी रेडिओ फोरवर मालिका आली, कादंबरी मागाहून. पण तिचं हसू इंग्रजी वाक्याच्या वळणात आहे. वाक्य हललं की ते सांडतं. मला मात्र हसू आलं की घरात कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि दर दहा पानांनी "जाऊ दे, वाचायलाच हवं" म्हणायची वेळ आली की जीव खट्टू होतो.

लेमचं उलट झालं. त्रुर्ल आणि क्लापाउशियस हे दोन यंत्रमानव कारागीर, जिवलग आणि एकमेकांवर कुरघोडी करणारे. पहिल्याच गोष्टीत त्रुर्ल असं यंत्र बनवतो की ते 'न'पासून सुरू होणारी कुठलीही वस्तू करून देतं. गेल्या चतुर्थीला लाइट गेले, मुंबईची भाचरं पडवीत जमली, आणि मी हीच सांगायला घेतली. आपल्या 'न'वरही ती जशीच्या तशी बसते! नारळ, नाचणी, नांगर, नथ, नीरफणस. पोरं मागत सुटली. एक म्हणाला, "नेटवर्क!" गोष्टीतही असंच घडतं: यंत्राची परीक्षा घेताना त्रुर्ल सोडियमचं लॅटिन नाव घेऊन 'नेट्रियम' मागतो आणि यंत्र सांगतं की परक्या भाषेतला 'न' चालणार नाही. मी तोच नियम लावला. आते आतून म्हणाली, "आमी तर रेंजच म्हणतांव."

मग क्लापाउशियस यंत्राला सांगतो, 'नाही' करून दाखव. यंत्र गप्प उभं राहतं. काहीच करत नाही असं वाटतं, आणि हळूहळू जगातून एकेक वस्तू नाहीशी होऊ लागते. तो घाबरून थांबवतो, पण गेलेलं परत आणायचं तर यंत्राला फक्त 'न'चंच आणता येतं. म्हणून जगाला भोकं राहिली ती राहिलीच आणि आभाळ इतकं काळं, तारे इतके विरळ. गोष्ट संपल्यावर धाकटी भाची चप्पल न घालताच खळ्यात गेली आणि वर बघून आली.

लेममध्ये खाचखळगे नाहीत असं नाही. कँडेलनं घडवलेले शब्द कोशात सापडत नाहीत. गोष्टीत गोष्ट, त्यात आणखी गोष्ट असलेली ती राजाची आणि तीन कथेकरी यंत्रांची लांबलचक कथा मी दोनदा अर्धी सोडली, तिसऱ्यांदा पुरी केली. शिवाय ही कादंबरी म्हणजे सुट्या कथांची माळ आहे. आर्थर डेंटसारखा एकच माणूस शेवटपर्यंत सोबत हवा असेल तर चुकल्यासारखं वाटेल. ॲडम्सचा ओघ मोठा आहे; कोकणकन्येत बसून एकट्यानं वाचायला त्याच्यासारखा सोबती नाही. फक्त, या पुस्तकाची पुढे मालिका झाली तिच्यातल्या पहिल्या दोन भागांवर थांबावं, पुढे हात आखडल्यासारखा वाटतो, निदान मला तरी.

हे दोन्ही नको आणि निवांत, गुंतागुंतीचा, चहाच्या वेळेचा विनोद हवा असेल तर कॉनी विलिसचं 'टू से नथिंग ऑफ द डॉग' आहे. त्याला विज्ञानकथांसाठीचा १९९९ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. जाड आहे, सुट्टी काढून वाचावं लागतं.

मावसभावाला मी लेम दिलं. ॲडम्सही घेऊन जा म्हटलं, पण त्याच्या पिशवीत आधीच कोकम आणि नारळ होते. त्याला एवढंच सांगितलं की पहिल्या दोन गोष्टी आधी वाच, 'न'ची आणि दोन अधिक दोन सात म्हणणाऱ्या आठमजली यंत्राची. ही दुसरी मी अजून आतेला पुरी सांगितलेली नाही. गेल्या चतुर्थीला लाइट गेले त्या रात्री ती सुरू केली आणि यंत्र चिडून दोघांच्या मागे लागलं तेवढ्यात लाइट आले. टीव्ही कोणी लावला नाही, पण पोरं पेंगुळली होती. आते अजून विचारते, "ता यंत्र सातच म्हणत रवलां काय रे?"