ब्रेकची फुकट दुरुस्ती: कामाला पाच तारे, निरोपाला एक

गाडी टर्बो पेट्रोल, स्पोर्ट मॉडेल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोन वर्षांपूर्वी उज्जैनच्या एका गृहस्थांकडून घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

श्रावणी सोमवारी आत्याला ओंकारेश्वरला नेत होते. सिमरोल मागे पडलं, भेरूघाटाचा उतार लागला, पुढे विटांचा ट्रक. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं कडक. सीटला पाठ रेटून सारा जोर लावला, गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, तेव्हा कुठे ती ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. आत्याने सेव-परमलची पुडी खाली ठेवली. "अगं, जरा हळू चालव ना." वेग चाळीसच्या आतच होता. साठ असता तर? वेग दीडपट झाला की थोपवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. हे मी अकरावीला दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी ते पायाला कळलं.

गाडी टो करून इंदूरला आणली. रात्री कंपनीच्या संकेतस्थळावर सतरा अक्षरी चेसिस नंबर टाकला आणि सुन्न झाले. याच दोषासाठी आठ महिन्यांपासून रिकॉल चालू होता, म्हणजे कंपनी सदोष गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देत होती. पत्र गेलं होतं उज्जैनला, पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. आरसी माझ्या नावावर, शिवाय याच आठ महिन्यांत त्यांच्याच वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिसिंग करून घेतलेलं. जॉब कार्ड बनवताना हाच नंबर कुणी तपासू नये? याचा राग अजून गेलेला नाही. आपल्याकडे 2012 पासून कंपन्या स्वेच्छेने रिकॉल करत आल्या, 1 एप्रिल 2021 पासून सरकारही सक्ती करू शकतं. पण निरोप स्टिअरिंगवर बसलेल्या माणसापर्यंत पोचलाच नाही, तर त्या रिकॉलचा उपयोग काय?

दोष काय होता ते नीट सांगते. ब्रेक पेडलमागे बूस्टर असतो. त्यातल्या पडद्याच्या एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. या दाबाच्या फरकामुळे आपल्या पायाचा जोर कितीतरी पट वाढतो. साध्या पेट्रोल इंजिनात हा निर्वात इंजिनच्या ओढीतून मिळतो. टर्बो मात्र इंजिनात हवा कोंबतो, मग ही ओढ पुरत नाही, म्हणून अशा बऱ्याच इंजिनांना वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात. माझ्या गाडीत तोच निकामी झाला. ब्रेक शाबूत होते, त्यांना मिळणारी मदत संपली होती.

आता वर्कशॉपबद्दल. इथे तक्रारीला जागा नाही. देवास नाक्याजवळ सकाळी साडेनऊला गाडी आत गेली, दोनच्या सुमारास हातात आली. नवा पंप, नवा पाइप, नवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप). मेकॅनिकने मला बोलावून जुना पंप हातात दिला. आतली पाती झिजून कडा बोथट झालेल्या. "मॅडम, हे बघा, असं झाल्यावर ओढणार कुठून?" मग गेज लावून नव्या पंपाची सुई चढताना दाखवली. ब्रेक ऑइल रिकॉलमध्ये नाही, पण दोन वर्षं झालीत, हवं तर बदला, एवढंच सांगितलं. माझ्या गाडीतलं डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, घाटात ब्रेक तापले की ते धोक्याचं. मी पैसे देऊन बदलून घेतलं. रिकॉलच्या बिलावर रक्कम शून्य. टोचे 3,800 रुपये मात्र मागूनही मिळाले नाहीत. दोष त्यांचा, तर भुर्दंड मला का? मेल केला आहे, पाठपुरावा सोडणार नाही.

निघताना त्याच मेकॅनिकने घरी करायची तपासणी शिकवली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक झालं की पाय तसाच दाबून गाडी सुरू करायची. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली सरकतं. परवा आत्याला पुन्हा ओंकारेश्वरला नेलं, निघण्याआधी अंगणात हे केलं. पेडल सरकलं, मग आत्याला हाक मारली.