ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं: डिस्क लेथवर घालायची की नवी टाकायची?

निपाणीहून बेळगावला परत येताना वंटमुरी घाटात ऐंशीच्या वेगावर ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टिअरिंग पिठाच्या चाळणीसारखं हलायला लागलं. पाय काढला की गप्प. शहरात तीस-चाळीसच्या वेगात काहीच कळायचं नाही, म्हणून मी दोन महिने दुर्लक्ष केलं. मग आधी व्हील बॅलन्सिंगवर पैसे घातले, नंतर ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक मारला की पॅड तिला दोन्हीकडून दाबून धरतात) लेथवर घालून तासून घेतली, आणि चार महिन्यांत थरथर पुन्हा हजर. तुम्ही याच वळणावर असाल, तर खर्च करण्याआधी हे वाचा.

आधी दुखणं डिस्कचंच आहे ना, ते बघा. ब्रेक न मारताही ऐंशी-नव्वदला गाडी हलत असेल, तर टायर किंवा बॅलन्सिंग बघायचं. डिस्कला हात लावू नका. ब्रेक मारल्यावरच हलते आणि स्टिअरिंगमध्ये जाणवते, तर बहुधा पुढच्या डिस्क. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पेडल थडथडतंय, तर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक तपासा. ओढायचा हँडब्रेक असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात, मागं गाडी नाही हे बघून, बटण दाबूनच ठेवून तो अगदी हळू ओढा. तेवढ्यानं थरथर आली तर दोष मागचा. खडीवर करकचून ब्रेक मारल्यावर पायाखाली जी टकटक येते ती चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची, तिची चिंता नको.

आता मुख्य प्रश्न. मेस्त्री म्हणतात, ‘‘डिस्क वाकडी झालीया, बदलूया की.’’ खरं तर डिस्क क्वचितच वाकते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नसते. जाड भाग पॅडमधून गेला की पकड वाढते, पातळ भाग आला की कमी होते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हा झटका स्टिअरिंगपर्यंत पोचतो. त्यासाठी मिलिमीटरचा दोन-तीन शतांश फरकही पुरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. म्हणून बारीक जाडी मोजणारा मायक्रोमीटर न लावता नुसतं बघून ‘बदला’ म्हणणाऱ्याला थोडं थांबवा.

लेथवर फेसिंग करून घेणं, म्हणजे डिस्कच्या बाजू तासून सपाट करून घेणं, बेळगावात अवघड नाही. उद्यमबागेत लेथ आहेत आणि हाताला अंदाज असलेले कारागीरही. खर्च नव्या जोडीच्या मानानं फारच कमी. पण एक गोष्ट तिथं उभं राहून बघा: डिस्कच्या दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये कापल्या जातायत ना? एक बाजू कापून, डिस्क काढून, उलटी लावून दुसरी कापली, तर दोन्ही बाजू एकमेकींना समांतर राहतीलच असं नाही. मग ज्या दोषासाठी गेलात तोच घेऊन परत याल. काम झाल्यावर गोल फिरत सात-आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावायला सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

फेसिंगची खरी मर्यादा जाडीची. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते; गंज घासला की आकडे दिसतात. माझी डिस्क नवी असताना २२ मिलिमीटर, किमान २०. मोजली तेव्हा २१.१ भरली. दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर काढला की उरली २०.६. नियमात बसली, पण त्यानंतर झिजायला फक्त सहा दशांश.

गाडी टिळकवाडी ते कॅम्प अशी शहरातच फिरत असेल तर हे चालेल. आपण मात्र चोर्ला घाट उतरतो, आंबोली घाट उतरतो. हजार किलोची गाडी १०० मीटर खाली येते तेव्हा साधारण १० लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. तीन लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी. चोर्ल्याचा माथा ८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे उतरताना असे कितीतरी शंभर मीटर येतात. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन घेतं, उरलेला डिस्कवर. पातळ डिस्कमध्ये लोखंडच कमी, ती लवकर तापते. म्हणून घाटात जाणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं: कापल्यावर किमान जाडीच्या वर एक मिलिमीटर उरत नसेल, तर नव्या डिस्कच घ्या. आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या, जोडीनंच.

पण नवी डिस्क टाकली म्हणजे सुटलात असंही नाही. माझं फेसिंग फुकट गेलं त्याचं कारण डिस्कच्या मागं होतं. दुसऱ्यांदा डिस्क काढली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, लालसर गंजाची पापुद्र्यासारखी खपली, नखानं टोकरली तर तुकडा निघाला. आपल्याकडच्या पावसात हे होणारच. त्या खपलीवर डिस्क बसली की ती किंचित तिरकी फिरते. सुरुवातीला काही कळत नाही. पण ब्रेक न मारताही प्रत्येक फेऱ्याला तिचा एकच भाग पॅडला हलकेच घासत राहतो, काही हजार किलोमीटरांत तेवढाच पातळ होतो, आणि थरथर परत येते. डिस्क लेथवरची असो की नवी कोरी, फरक पडत नाही.

म्हणून कुठलाही पर्याय निवडा, हब तारेच्या ब्रशनं चकचकीत करून घ्या, आणि डिस्क बसवल्यावर ती फिरताना किती डुलते ते मोजणारा डायल गेज लावून बघायला सांगा. काटा साधारण अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना हातानं सरकतात का तेही बघा. माझी एक पिन जाम होती, त्यामुळं एका बाजूचा पॅड निम्मा झिजलेला. पॅड दोन्ही पर्यायांत नवेच टाका. जुन्या पॅडला जुन्या डिस्कचे चर पडलेले असतात.

मी शेवटी नवी जोडी घेतली. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहा-पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारले, मध्ये डिस्क निवायला वेळ दिला. पॅड डिस्कवर सारखा बसतो तो असाच. आणि चाकाचे नट एअर गननं न आवळता एकाआड एक, ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळून घेतले, कारण कमीजास्त आवळलेल्या नटांनीही डिस्क ओढली जाते. हायवेवर पंक्चर काढलं की घरी येऊन ते नट सैल करून तसेच पुन्हा आवळतो. पंधरा मिनिटांचं काम आहे.