आठ महिने दाबाचे मोजे वापरल्यानंतर

घोट्याचं हाड मोडलं म्हणून माझा डावा पाय जवळपास सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावर चौथ्या दिवशी पोटरी टणक झाली, गरम लागायला लागली. आईला वाटलं प्लास्टरचीच सूज असेल. पण सूज एकाच पायाला होती आणि रात्री उशीवर पाय ठेवूनही उतरत नव्हती. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुडघ्यामागच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. पोटात इंजेक्शनं, मग तीन महिने वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, आणि सुजेसाठी दाबाचे मोजे.

मोजे गुडघ्यापर्यंतचे, क्लास दोनचे, म्हणजे घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर पारा इतक्या दाबाचे. वर जाताना दाब कमी होत जातो, त्यामुळे रक्त वर सरकायला मदत होते. पहिली जोडी दुकानदाराने चपलेचा नंबर विचारून दिली. घोट्याशी सैल आणि गुडघ्याखाली करकचून, म्हणजे नेमकं उलटं. तिसऱ्या दिवशी कातडीवर लाल वळ उठला. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी टेप लावून घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी मोजली. तेही सकाळी या म्हणाल्या, कारण संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप चुकतं. माप न घेता कोणी मोजे देत असेल तर घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

घालायची कला शिकायला मला दोन आठवडे लागले. पाय जमिनीला टेकवायच्या आधी, पलंगावरच घालायचे. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पाऊल बसवायचं आणि मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळहाताने वर सरकवत न्यायचं. बोटांनी ओढलं तर नख लागून धागा निघतो. वरची कड दुमडायची नाही, तिथे दोरी बांधल्यासारखा दाब पडतो. पायाला मलम लावायचं तर रात्री.

अकोल्याचा मे महिना हा खरा त्रास. घामाने खाज सुटायची. डॉक्टरांना विचारून बोटं उघडी राहणारी जोडी घेतली आणि दुपारी दोन तास मोजे काढून पाय उंचावर ठेवले, तेव्हा निभावलं. रोज रात्री साध्या साबणाने हाताने धुते, पिळत नाही, सावलीत वाळवते.

फायदा? संध्याकाळचं जडपण आणि ठणका निम्म्याहून कमी झाला. पण गुठळीवरचा उपाय गोळ्यांचा होता, मोज्यांचा नव्हे. २०१४ साली लॅन्सेटमध्ये ८००हून अधिक रुग्णांवरचा अभ्यास आला होता. गुठळीनंतर पाय कायमचा दुखरा राहण्याचा त्रास मोज्यांनी टळतो, असं त्यात दिसलं नाही. म्हणून मी मोज्यांवर विसंबून बसत नाही. बँकेच्या काउंटरवर दर तासाला उठते, वीस वेळा टाचा वर-खाली करते. पोटरी आवळली की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये कडेची सीट मागते, म्हणजे कोणाला न उठवता उभं राहता येतं.

वॉरफरिन चालू असताना आईने मेथी-पालक एकदम बंद केले होते. डॉक्टर म्हणाले, बंद नको, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा, नाहीतर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, वर-खाली होतो. अंगदुखीची गोळी स्वतःहून घेणंही त्यांनी बंद करायला लावलं.

पायाच्या रोहिण्यांत, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नलिकांत, अडथळा असेल किंवा मधुमेहाने पाऊल बधिर असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, चुकीच्या दाबाने जखम होते. आणि छातीत दुखलं, अचानक धाप लागली तर मोजे, मालिश काही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सहा महिन्यांत दाब ढिला पडतो, तसा माझाही पडला. नवी जोडी घेताना माप नव्याने घेतलं, तर डावी पोटरी दीड सेंटीमीटरने उतरली होती.